शेवटच्या पंगतीची बॅटरी

शेवटच्या दिवशी सर्जेरावनं जेवायला नाय म्हणलं, तिथंच काकासाहेबाला काहीतरी कळायला पायजे व्हतं. सर्जेरावनं जेवायला नाय म्हणणं म्हंजी नवरदेवानं घोड्यावर बसायला नाय म्हणल्यासारखं. पण काकासाहेब मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात बुंदीच्या कढईपुढं उभा, हातात झारा, डोळ्यात धूर. तो आचारी माणूस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं लगीन, बुंदी आजच पाडून ठेवायची व्हती. त्यानं मान न वळवताच सांगितलं की दाजी, कढी झाली, भात उतरवतोच, दोन घास खाऊन जा.

"उद्या," सर्जेराव म्हणला. "उद्या सकाळी भोंगा वाजवला की निवांत बसतो. माझं ताट तेवढं काढून ठेवा, पाव्हणं."

आन् गाडीला किक मारून गेला. बीड बायपासवरून छावणीला, आपल्या घरी.

घरी हातपाय धुतले, पायरीवर टेकला, आन् बायकोला म्हणला की छातीत जळजळ व्हतीय. बायको पारूबाई, म्हंजी काकासाहेबाची थोरली बहीण. तिला वाटलं, भावाच्या हातची कढी पाहिली की ह्यांचा हात थांबत नाय, जास्त झाली असंन. तिनं जिरं आन् काळं मीठ दिलं, वरून बोलणीबी दिली. त्यानं कढी चाखलीसुदीक नव्हती. पण हे सांगायला काकासाहेब तिथं नव्हता, आन् ज्याला सांगता आलं असतं तो बोलणी ऐकून घेत व्हता, नेहमीसारखा. कोपऱ्यावरची रिक्षा दारात येईस्तोवर माणूस गेला व्हता.

आता सर्जेराव काय काम करायचा, हे पावण्यारावळ्यात कुणाला कधी नीट कळलंच नाय. पिशोरला, त्याच्या गावी, सगळ्यांना वाटायचं की सर्जेराव संभाजीनगरला आग विझवायच्या खात्यात हाय. गावी गेला की पारावरची माणसं विचारायची, यंदा किती आगी विझवल्या? तो खरं सांगायचा, एकबी नाय. मग माणसं एकमेकाकडं बघायची, की फुकट पगार खातोय बिचारा.

काम असं व्हतं. मोठ्या इमारतीत, दवाखान्यात, लॉजवर, भिंतीला एक लाल पेटी असती. छताला बारके बारके डबे चिटकवलेले असत्यात, ते धूर हुंगत्यात. धूर दिसला की पेटीला सांगत्यात, आन् पेटी भोंगा वाजवती. सगळं लाईटीवर. पण आग लागली की पहिली लाईटच जाती. म्हून पेटीच्या पोटात दोन बॅटऱ्या बसवत्यात. त्या केवढ्या बसवायच्या, हे ठरवायचं सर्जेरावचं काम. बारकी बसवली तर ऐन वेळेला भोंगा मुका. मोठी बसवली तर मालक बोंबलतो. सर्जेराव सगळी हयात ह्या दोन बोंबांच्या मधी उभा राहिला.

हे त्याला शिकवलं कंपनीतल्या राजकुमार साहेबानं. चांगला माणूस, पण फळ्यावर लिहून शिकवायचा, आन् सर्जेरावचं फळ्याशी पहिल्यापासून वाकडं. दहावीला दोनदा बसून त्यानं ते वाकडं पक्कं करून घेतलं व्हतं. वाळूजला ठेकेदाराकडं पत्रे उचलले, मग ह्या कंपनीत चिटकला. शिडी धर, वायर ओढ, इथपर्यंत ठीक चाललं. बॅटरीचा हिशेब आला की डोळे मिटायचा.

तो हिशेब त्याला कळला लासूर स्टेशनला, सासरवाडीत, एका लग्नात, काकासाहेबाच्या चुलीपाशी. जावई माणूस मांडवात बसायचा सोडून चुलीपाशी आला आन् म्हणला, पाव्हणं, तुमाला कसं कळतं हो, किती शिजवायचं ते?

काकासाहेबानं सांगितलं. लग्नघरात सकाळपासून चहा-चिवडा चालू असतो. थोडा थोडा, पण दिवसभर थांबत नाय. हे एक. दुसरं म्हंजी शेवटची पंगत. घरच्या बाया, वाजंत्री, वाढपी, भांडीवाल्या. दिवसभर राबत्यात म्हून सगळ्यात मागं बसत्यात, आन् सगळ्यात जास्त खात्यात. त्यांना कुणी मोजत नाय, आन् कमी पडलं तर त्यांनाच पडतं. म्हून खरा आचारी आधी शेवटच्या पंगतीचं काढतो, कोठीत ठेवतो, कुलूप लावतो, किल्ली कमरेला. मग बाकीच्यांचं बघतो.

सर्जेराव चुलीपुढं बसला तो उठंनाच. बॅटरीचंबी हेच व्हतं की. छतावरचे डबे दिवसरात धूर हुंगत बसत्यात, थोडं थोडं खात्यात, तो चहा-चिवडा. लाईट गेली तर असा एक दिवस आन् एक रात बॅटरीवर निघाला पायजे. आन् एवढं खाऊन झाल्यावर, अगदी शेवटाला, भोंगा वाजायची पाळी आली तर तो अर्धा तास वाजला पायजे. भोंगा म्हंजी वाजंत्री. बसतो थोडा वेळ, खातो बैलावानी. दोन्हीची बेरीज करायची आन् वर थोडं जास्तीचं, कारण बॅटरी दर साली आतून आकसती. पातेलं बाहेरून तेवढंच दिसतं, मावतं कमी.

ते जास्तीचं किती? राजकुमार साहेबाच्या पुस्तकात लिहिलं व्हतं, सव्वापट. हे ऐकल्यावर सर्जेरावचं मन एकदम बसलं. सव्वा रुपया दक्षिणा, सव्वा किलो पेढे, तसंच हे. त्याची शेवटपर्यंत समजूत व्हती की ते पुस्तक लिहिणारा कुणी देवभोळा माणूस असला पायजे. साहेबानं एकदा समजवायचा प्रयत्न केला, मग उत्तर बरोबर येतंय म्हून सोडून दिला.

पण सव्वा एकदा डोक्यात बसला तो उतरला नाय. सर्जेराव एसटीला जायचं तर सव्वा तास आधी स्टँडवर. पाव्हणे चार येणार तर पाच कप. सायलीच्या लग्नात, त्याच्या पोरीच्या, तर कहर झाला. काकासाहेबानं आपल्या अंदाजानं बुंदीचं डाळीचं पीठ काढलं, त्यात जास्तीचं धरलेलंच व्हतं. सर्जेराव मागून आला, गुपचूप त्याच्यावर सव्वापट करून गेला. त्यात काकासाहेबाच्या माणसानं इमानानं अजून थोडं वाढवलं. लगीन झालं, पोरगी नांदायला गेली, परत पहिल्या सणाला माहेरी आली, तवा डब्यात बुंदी व्हती. छावणीतली कुत्री सर्जेरावच्या दारावरून जाताना दुसरीकडं बघायची. काकासाहेब त्याला चिडवायचा की दाजी, तुमची बॅटरी अजून उतरली नाय. सर्जेराव शांतपणे म्हणायचा, "कमी पडलं का? ते सांगा."

कमी पडलं नव्हतं, हे खरं.

नानासाहेबाच्या मंगल कार्यालयात लाल पेटी सर्जेरावनंच बसवली. नानासाहेब म्हंजी मालक. जमीन बायपासमधी गेली, त्या पैशात कार्यालय बांधलं, गळ्यात सोनं, तोंडात इलायची. माणूस वाईट नाय, पण लाल रंगाचं त्याला वावडं. पेटी दरवाज्यापाशी पायजे व्हती, नानासाहेब म्हणला शूटिंगमधी येती, नवरीच्या मागं लाल पेटी कशी दिसंन? म्हून ती भटारखान्याच्या भिंतीला लागली. पलीकडून भट्टीचा जाळ, अलीकडं पेटी. बॅटरीला गरमी सोसत नाय, हे सर्जेराव सांगत राहिला आन् नानासाहेब इलायची चघळत राहिला.

त्यात कार्यालयाचा मॅनेजर फकिरा. कुलूप-किल्ल्या त्याच्याकडं. एकदा ऐन मंगलाष्टकात लाईट गेली, जनरेटर सुरू होईना, मुहूर्त टळायला लागला. फकिरानं पेटी उघडली, दोन्ही बॅटऱ्या काढल्या आन् माइकला जोडल्या. बाकीची मंगलाष्टकं आगीच्या बॅटरीवर झाली. नानासाहेबानं फकिराला पाठीवर थाप दिली. त्यांच्या हिशेबानं त्या बॅटऱ्या पाटलाच्या बैलावानी दावणीला नुस्त्या बसून खात व्हत्या, एक दिवस जुंपल्या तर बिघडलं काय?

दुसरा कुणी असता तर भांडला असता. सर्जेराव भांडला नाय. त्यानं दुसरीकडून काढलेली एक जुनी बॅटरी आणली, माइकपाशी ठेवली, आन् फकिराला समजावलं की ही नवरीची, ती आगीची. तरीबी पुढच्या खेपेला आगीच्या बॅटऱ्या घातल्या तवा त्यात मंगलाष्टकांचा वाटा धरूनच घातल्या. फकिराचा सोभाव त्याला माहीत व्हता. न बोलावता येणाऱ्या पावण्याचं पान मांडून ठेवावं तसं.

दर येळेला आला की कामवाल्यांना गोळा करायचा आन् एकच पाढा म्हणायचा. भोंगा वाजला की हातातलं सोडायचं, बाहेर लिंबाखाली जायचं. भोंगा वाजतोय तवर आत यायचं नाय. वाढपी हसायचे. भांडीवाल्या पदराआड हसायच्या. त्यात मनकर्णाबाई म्हातारी, कानानं जरा कमी, ती तेवढी मान हलवायची, पण ती सगळ्यालाच हलवायची. एकदा त्यानं भर जेवणावळीत भोंगा वाजवून दाखवला. तीनशे माणूस पंगतीला. एक उठंल तर शपथ. उलट लोकांनी ताटं जवळ ओढली. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, नवरदेव आला का?

त्या दिवशी काकासाहेब त्याला म्हणला व्हता, "दाजी, तुमचा भोंगा वाजला काय आन् नाय वाजला काय, कुणाला फरक पडतो? अर्धा तास कशाला, दोन मिनिटं वाजला तरी लई."

सर्जेराव म्हणला, "अर्धवट वाजण्यापरीस न वाजलेला बरा." एवढंच म्हणला. काकासाहेबानं काऊन म्हून विचारलं नाय. भात लागत व्हता.

मग ह्या साली नानासाहेबानं वरच्या मजल्यावर नवा एसी हॉल काढला. वर नवे डबे, नवे भोंगे. खाणारी तोंडं वाढली, पातेलं तेच. सर्जेराव म्हणला, बॅटऱ्या मोठ्या लागतीन. नानासाहेब म्हणला, अरे ज्या हायेत त्या एकदाबी आगीसाठी वापरल्या नायत, नव्या कोऱ्या हायेत. सर्जेराव म्हणला, नाना, माणूस नुस्ता बसून राहिला म्हून तरणा राहतो का? नानासाहेब सकाळपासून गादीवर बसलेला व्हता. त्याला ते बोलणं लागलं.

शेवटी ठरलं असं. पेटीची लाईट बंद करायची. एक दिवस, एक रात पेटी नुस्त्या बॅटरीवर ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड यायच्या आधी, भोंगा वाजवायचा. अर्धा तास वाजला तर सर्जेरावनं परत बॅटरीचं नाव काढायचं नाय. आधीच थांबला तर नानासाहेबानं गुमान मोठ्या घ्यायच्या.

त्या शेवटच्या दिवशी सर्जेराव त्याचसाठी आला व्हता. त्यानं सकाळीच पेटीच्या लाईटीचं बटण बंद केलं, कुणी चालू करू नये म्हून त्याला सुतळी बांधली, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा अडकवला, त्यावर लिहिलं, "हात लावू नये. सर्जेराव." सही करावी तसं नाव लिहिलं. मग काकासाहेबाला ताट काढून ठेवायला सांगून गेला, ते वर आलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयत झाली. पिशोरहून भावकी आली, लासूरहून काकासाहेबाची माणसं आली. काकासाहेबानं खांदा दिला. सरण पेटलं, सगळे मागं सरकले, तवा त्याला ते आठवलं. माणसाला कुठं काय आठवावं, ह्याला काही ताळतंत्र नाय. भोंगा राहिला, पेटीची लाईट तशीच बंद हाय, आन् आज संध्याकाळी तिथं लगीन.

घरी येऊन अंघोळ केली आन् तो दुपारी गाडी घेऊन कार्यालयावर गेला. फाटकातच फकिरानं अडवलं. आत हळद चालू व्हती.

"काकासाहेब, खाली उतरू नको," फकिरा म्हणला. "मसणवट्यातून आलास तू. आत नवरी हाय."

काकासाहेबानं सांगितलं की अंघोळ केलीय, आन् मी काय नवरीला शिवणार नाय, भटारखान्यात जाऊन एक बटण दाबतो आन् येतो. फकिरा म्हणला, तुझी माणसं सैपाक बघतीन, तू आज आत नको. आवाज ऐकून नानासाहेब आला. त्यानं लांबूनच हात जोडले, सर्जेराव लई चांगला माणूस व्हता म्हणला, दोन वेळा म्हणला, आन् दोन्ही वेळेला एक एक पाऊल मागं सरकला.

"बरं मी नाय येत," काकासाहेब म्हणला. "मंग तुमी तरी ती सुतळी सोडा आन् बटण चालू करा. तीनशे माणूस येणार, पेटी लाईटीवर तरी राहू द्या."

फकिरानं कानाला हात लावला. मेलेल्या माणसाच्या हातची गाठ, तीबी त्याच्या नावानिशी, लग्नाच्या दिवशी कोण सोडणार? आन् वर लिहिलंय की हात लावू नये. आजवर सर्जेरावनं जे जे लिहिलं, बोललं, त्यातलं काहीच फकिरानं कधी पाळलं नव्हतं. हे एक पाळलं.

तर लगीन झालं. सगळं थाटात झालं. संध्याकाळी म्हणं पेटी पिकपिक पिकपिक करायला लागली, बॅटरी उतरत चालली की ती तशी करती. वरमाईला वाटलं कुणाचा मोबाइल हाय. फकिरानं पेटीला एक गादी टेकवली, वरून सतरंजी गुंडाळली, आन् डीजे जरा मोठा केला. म्हंजी आग लागली असती तर भोंग्याला आधी गादीतून वाट काढावी लागली असती. लागली नाय. फकिरा म्हणतो, बघा, नाय लागली. त्याचं म्हणणं खोडता येत नाय.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. घरी आल्यावर पारूबाईनं भावाला कोपऱ्यात बोलावलं. जिऱ्याची वाटी तिनं अजून पायरीवरून उचलली नव्हती, कुणाला उचलू दिली नव्हती.

"काक्या, त्यांचं कुठं काही अर्धं राहिलंय का रं? दहाव्याला कावळा शिवायचा नाय, मला भ्या वाटतं."

"राहिलंय, अक्का," काकासाहेब म्हणला.

"मंग ते आधी करून ये. इथं बसून काय करतू?"

कावळ्याला बॅटरीतलं काय कळतं, असं काकासाहेबाच्या मनात आलं. पण बहिणीला कोण सांगणार, आन् खरं तर त्यालाबी तेच लागून राहिलं व्हतं. दाजीनं आयुष्यात एवढ्या पेट्या बसवल्या, एकबी भोंगा खऱ्या आगीला वाजला नाय, कुणी एक माणूस त्याच्या भोंग्यानं ताटावरून उठला नाय. हा शेवटचा तरी वाजवून बघायचा राहू नये.

कार्यालयात सगळीकडं फुलं तुडवलेली, खुर्च्या पडलेल्या. मांडव उतरत व्हता. भटारखान्याच्या पुढं ओट्यावर शेवटची पंगत बसली व्हती, वाढपी आन् भांडीवाल्या, काल उरलेलं आज खात व्हत्या. नानासाहेब खुर्चीवर बसून मांडववाल्याशी हुज्जत घालत व्हता. काकासाहेबाला बघून त्यानं ह्या खेपेला हात नाय जोडले, लगीन होऊन गेलं व्हतं.

काकासाहेबानं सतरंजी काढली, गादी काढली. पेटीवरचा एक बारका पिवळा दिवा अजून जिवंत व्हता, विझू की नको करत. एक दिवस एक रात ठरलं व्हतं, दोन दिवस होत आले व्हते. फकिराच्या मंगलाष्टकांचा वाटा शिल्लक व्हता म्हून, नाय तर कवाच विझला असता.

"नाना, घड्याळ बघा," काकासाहेब म्हणला आन् लाल बटण दाबलं. ते त्यानं दाजीला दाबताना कैकदा पाहिलं व्हतं.

भोंगा वाजला. खालचा वाजला, वरच्या नव्या हॉलातले वाजले, मांडवावरची कबुतरं उडाली. मांडववाल्यानं वर बघितलं आन् परत गाठी सोडायला लागला. ओट्यावरची पंगत जेवत राहिली. एका वाढप्यानं दुसऱ्याकडं मठ्ठ्याचा तांब्या मागितला, आवाज मोठा म्हून हातानं मागितला. काकासाहेब पेटीपाशी उभा राहून बघत व्हता. त्याला दाजीचा इतका राग आला. कशाला घासलीस रं हयात, कुणासाठी?

आन् मनकर्णाबाई उठली.

सावकाश उठली, गुडघ्यावर हात ठेवून. ताट सोडायचं असतं हे तिला ध्यानात नव्हतं, का ध्यानात असून सोडलं नाय, ते तीच जाणो. ताट हातात घेऊन म्हातारी ओट्यावरून उतरली, अंगण ओलांडून लिंबाखाली गेली, आन् तिथं मातीत बसून परत जेवायला लागली. सगळे वाढपी हसले. एकानं ओरडून सांगितलं, मावशे, टेस्टिंग हाय. तिला ऐकू गेलं नाय.

तेवढ्यात भोंग्याचा आवाज बारीक झाला. चिरका झाला, म्हातारं माणूस खोकताना दमतं तसा. मग थांबला. पिवळा दिवा गेला. पुरती दोन मिनिटंसुदीक झाली नसतीन.

नानासाहेबानं मोबाइल खिशात घातला. त्याचं म्हणणं पडलं की हे काही खरं नाय धरता येणार. ठरल्याच्या वर एक दिवस गेला, म्हंजी बॅटरीनं जास्तीचं काम केलं, उलट ती चांगलीच निघाली. परत एकदा नीट करू, सवडीनं. मयत झाली म्हून उशीर झाला, त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

"आग काय सुतक पाळती का, नाना?" काकासाहेब म्हणला. "काल तीनशे माणूस बसवलं तुमी. काल लागली असती तर तिला काय सांगितलं असतं, थांब, आमच्या माणसाची मयत हाय?"

नानासाहेब म्हणला, सर्जेराव गेला म्हून तुझं डोकं ठिकाणावर नाय, मी समजू शकतो. हिशेबात काकासाहेब नानासाहेबाला हरवू शकत नव्हता. त्याला फक्त पंगत कळत व्हती, आन् पंगत तर उशिरा बसली व्हती, हे खरंच व्हतं.

मनकर्णाबाई ताट घेऊन परत आली. आपल्या जागेवर बसली, पदरानं तोंड पुसलं, आन् पेटीपाशी उभ्या असलेल्या दोघांकडं बघून तिनं विचारलं,

"विझली व्हय?"

वाढपी परत हसायला लागले. नानासाहेब हसला नाय. त्यानं म्हातारीकडं बघितलं, मग लिंबाकडं, मग मुक्या पेटीकडं, आन् इलायची चघळायचा थांबला.

काकासाहेबाला दाजीचं ते बोलणं आत्ता उमगलं, की अर्धवट वाजण्यापरीस न वाजलेला बरा. भात लागत व्हता म्हून विचारायचं राहून गेलेलं. भोंगा थांबला म्हंजी आग गेली, असंच माणूस समजणार आन् आत येणार. ताट घेऊन.

"केवढ्या म्हणला व्हता सर्जेराव?" नानासाहेबानं विचारलं.

"आकडा मला येत नाय. कंपनीत राजकुमार साहेबाला विचारा." काकासाहेबानं सुतळीची गाठ सोडली. पुठ्ठ्यावरचं नाव वर येईल अशी घडी घालून खिशात ठेवली. बटण चालू केलं. पेटीवर हिरवा दिवा लागला. "आन् नाना, तो जो आकडा सांगंल, त्याच्यावर सव्वा धरलाय का, तेवढं विचारून घ्या."

मग त्यानं कमरेची किल्ली काढली आन् कोठी उघडली. आत फळीवर झाकून ठेवलेलं ताट व्हतं, त्यानं स्वतःच परवा काढून ठेवलेलं. कढी-भात आंबून गेला व्हता, तो टाकून द्यायचा. बुंदी मात्र चांगली व्हती. वाटी घेऊन तो ओट्यावर आला आन् मनकर्णाबाईच्या ताटात वाढायला लागला.

म्हातारीनं ताटावर हात आडवा धरला, बास म्हून.

काकासाहेबानं हात बाजूला केला आन् वर अजून थोडी वाढली.